एक दाणा म्हणजे दहा लाख

पाठात तक्ता होता : दक्षिण आशिया,
देश आठ, लोकसंख्या कोटींत.
माझ्या वर्गात मुलं नऊ,
आणि कोटी हा शब्द त्यांना ठाऊक होता
तो पुलाच्या पाटीवरचा,
अनेरवरचा पूल, जो अजून झालेला नाही.

म्हणून सुमलीच्या घरून ज्वारी आणवली.
एक दाणा म्हणजे दहा लाख माणसं, मी म्हटलं.
वाटलं होतं पायली लागेल.
आठही देश मिळून अर्ध्या वाटीत मावले.
मीच बघत राहिले वाटीकडे.

जयपाल भारत झाला,
अंगानं थोर म्हणून नाही,
हजाराच्या पुढं न चुकता मोजतो म्हणून.
चौदाशे दाणे. मधली सुट्टी त्यात गेली.
भाविका पाकिस्तान, खुमान बांगलादेश,
दिनकीचा नेपाळ तीस दाण्यांचा.
ओंकारनं आणि सुमलीनं अफगाण आणि लंका वाटून घेतले.
भूतानला दाणा एक, तोही पुरता नाही,
आपल्या नंदुरबारच्या निम्मा देश तो;
कुसुमनं त्यासाठी किडका शोधून काढला.
मालदीव म्हणजे अर्धा.
लकीनं दातांनी तोडला, उरलेला गिळून टाकला
आणि म्हणाला, समुद्रात गेला.

तडव्यांच्या शबनूरला देश उरला नाही.
"बाई, मन्हा देश कोन्ता?"
तू मोजणारी, मी म्हटलं.
तशी ती उठली, ओढणी कमरेला खोचली
आणि हातात काडी घेऊन
सगळ्यांच्या पाठीमागून फिरू लागली,
थेट माझ्यासारखी, जरा जास्तच कडक.

मग वाढीचा दर.
टाळी वाजली की एक वर्ष.
दर टाळीला जयपालनं बारा-तेरा दाणे घालायचे,
ओंकारनं एक,
सुमलीनं हात मांडीखाली धरून बसायचं.
पाचव्या टाळीला भारत कागदाबाहेर घरंगळला.
सातव्याला दारातून कोंबडी आली
आणि नेपाळातले निम्मे टिपून गेली.
मी ओरडले. दिनकी शांत :
"राहू द्या बाई. लोके कामले गयात."

दिवाळीनंतर शाळा उघडली.
खुमान आला नाही.
दोन दिवस वाट पाहून मी पाड्यावर गेले.
दाराच्या कडीला तार गुंडाळलेली,
चूल बाहेर उलटी घातलेली,
शेजारीण शेंगा निवडत म्हणाली,
"बारडोलीले. उसले. होळीले येतीन."

त्याच आठवड्यात केंद्रावरून कागद आला :
पट कळवा.
पट कमी असेल तर पलीकडच्या गावची शाळा,
चार किलोमीटर, नदी ओलांडून,
त्या नसलेल्या पुलावरून.
मी आठ लिहिले. खोडले. पुन्हा आठ लिहिले.
फळ्यावर तेव्हाच उणे शिकवत होते,
जयपालनं आपणहून गणित सोडवलं :
उणे अकरा पूर्णांक एक टक्का.
वर्षाचा नाही, बाई. महिन्याचा.

बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली,
खडू मोडला.

केंद्रप्रमुख आले ते हजेरी तपासायला.
कपाट उघडलं, वहीआधी हाताला पुडी लागली,
जुन्या पेपरची, दोऱ्यानं बांधलेली,
वर जांभळ्या पेनानं खुमानचं नाव.
त्यांनी हलवून पाहिली. आत खुळखुळलं.
हे काय आहे, मॅडम?

मी काही बोलणार तोच
मोजणारी उभी राहिली, काडीसकट.
"सतरा कोटी, सर.
सोडू नका.
खुमान यी तवय परत मोजाना शेतस."